गालगुंड, वंध्यत्व आणि पुरुषांचा संकोच

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गच्या पलीकडचे गाव. (लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे जळकोट ते वेगळे.) अशा गावात लग्नाला दोन-तीन वर्षे उलटली आणि घरात पाळणा हलला नाही, की चौकशी सुरू होते ती सुनेची. प्रथम तुळजाभवानीला नवस बोलला जातो, मग कोणी सांगितलेले झाडपाल्याचे औषध होते, पुढे उमरग्याचा किंवा सोलापूरचा दवाखाना गाठला जातो. तिची सोनोग्राफी होते, रक्त तपासले जाते, गर्भनलिकांचा एक्स-रे निघतो, प्रसंगी दुर्बीण घालून पोटाची तपासणीही होते. या साऱ्या प्रवासात नवरा बहुधा बरोबर असतो. परंतु तो सोबतीला म्हणून असतो. केसपेपरावर त्याचे स्वतःचे नाव पडायला वर्षे लागतात आणि कित्येकांच्या बाबतीत ते कधीच पडत नाही. जळकोटच काय, पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतही क्रम थोड्याफार फरकाने असाच असतो.

वस्तुतः हा क्रम उलटा असावयास हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडील दोष हे एकमेव किंवा भागीदार कारण असते. पुरुषाची पहिली तपासणी स्त्रीच्या सर्व तपासण्यांहून सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर वीर्याचा नमुना द्यावयाचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, एवढेच तिचे स्वरूप. एका मिलिलिटरमध्ये सुमारे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आवृत्तीत सांगितलेली खालची मर्यादा आहे. संख्या याहून कमी भरली म्हणजे मूल होणारच नाही, असा तिचा अर्थ नाही. पुढची तपासणी करावी, एवढाच आहे.

आपल्या पूर्वजांना पुरुषातील दोष मान्य करण्याचा एवढा संकोच नव्हता, हे येथे नमूद करावेसे वाटते. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. महाभारतातील कुरुकुलाचा वंश पुढे चालला तो पांडूच्या असमर्थतेची गोष्ट झाकून ठेवून नव्हे. संकोच आपला आहे आणि तो बराचसा अलीकडचा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्याबद्दल त्यांना खटले सोसावे लागले. ज्या विषयांवर त्यांनी मराठीत उघडपणे लिहिले, त्यांवर शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीत आजही खालच्या आवाजातच बोलले जाते.

पुरुषाच्या वंध्यत्वाची कारणे अनेक आहेत. वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, जन्मतः खाली न उतरलेले वृषण, शुक्रवाहिनीतील अडथळा, अंतःस्रावांतील बिघाड, तंबाखू आणि मद्य ही त्यांपैकी काही. विषाणूंचा संसर्ग हे या यादीतील सर्वांत मोठे कारण नव्हे. परंतु यादीतील बहुतेक कारणे टाळणे माणसाच्या हाती नसते. एका विषाणूच्या बाबतीत मात्र ते निश्चितपणे हाती आहे. तो विषाणू गालगुंडाचा.

गालापासून वृषणापर्यंत

गालगुंड किंवा गालफुगी हा रोग सर्वांच्या परिचयाचा आहे आणि परिचयामुळेच त्याची उपेक्षा झाली आहे. मुलाचा गाल कानाखाली सुजतो, गिळताना दुखते, ताप येतो. कोणी हळदीचा लेप लावतो, कोणी मंतरलेला दोरा बांधतो, आणि आठ-दहा दिवसांत मूल पुन्हा शाळेत जाते. लेपाने गुण आला असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात रोग आपल्या मुदतीने गेलेला असतो. लहान मुलांत तो बहुधा असाच निघून जातो.

तोच रोग वयात आलेल्या मुलाला किंवा तरुणाला झाला, तर गोष्ट बदलते. गाल सुजल्यानंतर चार ते आठ दिवसांच्या सुमारास, म्हणजे आता बरे वाटू लागले असे म्हणावे तोच, पुन्हा थंडी भरून ताप चढतो आणि एका वृषणाला सूज येऊन असह्य वेदना सुरू होतात. लस न घेतलेल्या तरुणांत गालगुंड झाल्यास शंभरात साधारण १५ ते ३० जणांना हा त्रास होतो. त्यांपैकी बहुतेकांचे एकच वृषण सुजते; दोन्ही सुजण्याचे प्रमाण सहात एक ते फार तर तिनात एक इतके असते.

एवढीशी सूज इतकी अपायकारक का ठरते, याचे कारण शरीररचनेत आहे. गालातील लाळग्रंथी सुजली तर तिला पसरायला जागा असते. वृषणावर मात्र पांढऱ्या, चिवट आवरणाची पिशवी घट्ट बसविलेली असते. आतील भाग सुजला तरी आवरण ताणले जात नाही, दाब आतल्या आत वाढतो आणि ज्या बारीक नलिकांत शुक्राणू तयार होतात त्या चेपल्या जातात. शिवाय शुक्राणूंच्या निर्मितीला शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी तापमान लागते. म्हणून तर निसर्गाने हा अवयव पोटाबाहेर ठेवला आहे. कडक तापाने तीही व्यवस्था बिघडते. सूज आलेल्यांपैकी तिसरा हिस्सा ते निम्मे रुग्ण असे असतात, की ज्यांचे ते वृषण पुढे काही महिन्यांत लहान पडते.

येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. वृषण लहान पडले म्हणजे पुरुष निपुत्रिक राहिला, असे मुळीच नाही. एक वृषण शाबूत असले तरी अपत्यप्राप्तीला ते बहुधा पुरेसे होते. दोन्ही बाजूंना इजा होऊन कायमचे वंध्यत्व येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. शुक्राणूंची संख्या घटणे मात्र दुर्मीळ नाही. आणि ती बहुतेकांत काही महिन्यांनी सावरते. शुक्राणू तयार होण्याला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे आजाराचा परिणाम तपासणीत उशिरा दिसतो आणि सुधारणाही उशिराच दिसते. आजारानंतर पंधरा दिवसांनी केलेल्या एका तपासणीवरून कोणाचे भविष्य ठरवू नये.

ही काही नवी विद्या नव्हे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिपोक्राटिसने थॅसॉस बेटावरील एका साथीचे वर्णन लिहून ठेवले आहे. कानांजवळ सूज, आणि पुढे काहींना वृषणाची वेदनादायक सूज. हा रोग मुलांना आणि तरुणांना, विशेषतः आखाड्यात व्यायामाला जाणाऱ्यांना झाला, हेही त्याने टिपले आहे. तरुण पुरुष जेथे दाटीने एकत्र राहतात तेथे हा विषाणू फोफावतो, हे तेव्हाही खरे होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील अमेरिकन सैन्याचे कामाचे सर्वाधिक दिवस ज्या रोगांमुळे बुडाले, त्यांत गालगुंड अग्रभागी होते. आज आखाड्याची जागा वसतिगृहाने घेतली आहे. गावात बालपणी ज्याला हा रोग झाला नाही असा मुलगा दहावी-बारावीनंतर सोलापूर, लातूर किंवा पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत चौघांबरोबर राहू लागतो, आणि गालगुंड गाठते ते नेमके त्या वयात.

दोन शब्दांची गल्लत

संकोचाच्या मुळाशी पुष्कळदा भाषेतील एक गल्लत असते. नपुंसकत्व आणि वंध्यत्व हे दोन शब्द लोकव्यवहारात एकच समजले जातात. शरीरसंबंधाची असमर्थता हे नपुंसकत्व. संबंध व्यवस्थित असूनही संतती न होणे हे वंध्यत्व. गालगुंडाने होणारी इजा सामान्यतः दुसऱ्या प्रकारची असते. पुरुषाचा आवाज, दाढी-मिशा, ताकद, वैवाहिक सुख यांत बहुधा काही उणे होत नाही, आणि म्हणूनच त्याला स्वतःबद्दल शंका येत नाही. “मला काय धाड भरली आहे?” हा त्याचा प्रश्न प्रामाणिक असतो. उत्तर मात्र आरशात मिळत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली मिळते.

कायद्याने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वामुळे विवाहाची पूर्तता न होणे हे विवाह रद्द ठरविण्याचे कारण मानले आहे. केवळ मूल न होणे हे तसे कारण नाही. समाज मात्र याच्या नेमका उलट वागतो. पुरुषाच्या बाबतीत तपासणीचे नाव काढणेही पुरुषत्वावरील आक्षेप ठरते, आणि स्त्रीच्या बाबतीत तपासणी होण्यापूर्वीच निकाल लागतो. ‘वांझ’ हा शब्द स्त्रीलाच चिकटतो. त्याचे पुल्लिंगी रूप गावात कोणी वापरताना ऐकू येत नाही. मग ओटी भरताना तिला डावलणे, डोहाळजेवणाचे आमंत्रण न देणे, आणि कित्येक घरांत नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी! दुसरीलाही मूल झाले नाही, तरी त्या पुरुषाचा नमुना तपासला जाईलच, याची खात्री कोणी देऊ शकणार नाही.

वगळलेले तिसरे अक्षर

गालगुंडावर लस आहे आणि ती नवीन नाही. अमेरिकेत १९६३ मध्ये मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाच्या पाच वर्षांच्या मुलीला, जेरिल लिनला, गालगुंड झाले. त्यांनी तिच्या घशातून घेतलेल्या विषाणूपासून लस सिद्ध केली. १९६७ मध्ये तिला परवाना मिळाला. १९७१ पासून गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची एकत्रित लस ‘एमएमआर’ या नावाने उपलब्ध आहे. दोन मात्रा घेतल्यास गालगुंडापासून मिळणारे संरक्षण ८५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि लस घेऊनही रोग झालाच तर वृषणाला सूज येण्याचे प्रमाण बरेच कमी असते.

भारताने २०१७ मध्ये गोवराच्या लसीला जोड देण्याचे ठरविले, तेव्हा जोड दिली ती रुबेलाची. गालगुंड बाहेर राहिले. एमएमआरमधील मधले अक्षर गळून ‘एमआर’ उरली. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी या लसीची मोठी मोहीम झाली. ती बहुतांशी शाळांतून झाली. रांगा लावणाऱ्या, याद्या करणाऱ्या आणि भेदरलेल्या पालकांची समजूत घालणाऱ्या शिक्षकांना ती चांगली आठवत असेल. त्या रांगेत दहा ते पंधरा वर्षांचे लक्षावधी मुलगे दंड पुढे करून उभे होते. त्यांना दोन रोगांपासून संरक्षण मिळाले. ज्या तिसऱ्या रोगाचा धोका त्यांच्याच वयाला सर्वाधिक, तो तसाच राहिला.

या निर्णयामागे विचार नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोवराने बालके दगावतात. रुबेलाने गर्भातील बालकाचे डोळे, कान आणि हृदय कायमचे बिघडते. गालगुंडाने मृत्यू क्वचितच होतो. पैसा मर्यादित असता आधी मारेकऱ्यांचा बंदोबस्त करावयाचा, हा हिशेब समजण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला असा आहे, की ज्या देशांत लसीकरण ८० टक्क्यांच्या वर सातत्याने टिकते, तेथेच गालगुंडाची लस नियमित कार्यक्रमात घ्यावी. त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. अर्ध्यामुर्ध्या मुलांनाच लस दिली, तर विषाणूचा फैलाव मंदावतो, पण थांबत नाही. लस न घेतलेल्या मुलाला पूर्वी सहाव्या वर्षी होणारा रोग मग सोळाव्या वर्षी होतो. म्हणजे रोगी कमी होतात, परंतु जे होतात ते नेमके धोक्याच्या वयात. अर्धवट लसीकरण हे अशा रीतीने लस न देण्यापेक्षाही घातक ठरू शकते.

पण आज आपल्याकडे जे चालले आहे, ते याहून वेगळे आहे काय? बालरोगतज्ज्ञांची संघटना एमएमआरची शिफारस करते. खाजगी दवाखान्यात पैसे भरून ती मिळते. शहरातील प्राध्यापकाच्या किंवा बँकेतील अधिकाऱ्याच्या मुलाला ती मिळते. जळकोटच्या शेतमजुराच्या, किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला सरकारी केंद्रात मिळते ती एमआर. अर्धवट लसीकरणाचा जो धोका टाळण्यासाठी सरकारने लस दूर ठेवली, तो धोका बाजाराच्या वाटेने घरात आलाच आहे, आणि त्याचा भार ज्यांना लस विकत घेता येत नाही त्यांच्या मुलांवर पडतो आहे. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्र, केरळ, तेलंगण आदी राज्यांत गालगुंडाचे रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा हा प्रश्न पुन्हा काही दिवस चर्चेत येऊन गेला. ही लस परदेशातून आणावी लागते असेही नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ती तयार होते आणि अनेक देशांत जाते. पुण्याहून परदेशी जाणारी लस धाराशिव जिल्ह्यातील मुलाला मात्र फुकट मिळू नये, याचे समर्थन मृत्यूच्या आकड्यांवरून करणे दिवसेंदिवस कठीण होत जाणार आहे.

बेलसरचा अनुभव

विषाणू आणि वीर्य यांचा संबंध गावाच्या चावडीवर उघडपणे बोलण्याची पाळी महाराष्ट्रावर एकदा आली आहे. जुलै २०२१ च्या अखेरीस पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे झिका विषाणूचा राज्यातील पहिला रुग्ण सापडला. रुग्ण पन्नास वर्षांची स्त्री होती. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झाले. झिका हा मुख्यतः डासांमुळे पसरणारा रोग. तथापि बरे झालेल्या पुरुषाच्या वीर्यात तो काही आठवडे राहू शकतो आणि शरीरसंबंधातून पत्नीकडे जाऊ शकतो. गरोदरपणी तो झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटण्याचा धोका असतो. म्हणून बेलसरच्या ग्रामस्थांना काही महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देण्यात आला आणि निरोध वाटण्यात आले. उंदरांवरील २०१६ मधील प्रयोगांत या विषाणूने वृषणांची हानी झाल्याचे दिसले. माणसात तशी कायमची हानी सिद्ध झालेली नाही.

डास मारण्यासाठी धुरळणी करणे आणि घराघरांतील पाण्याची भांडी रिकामी करणे ही कामे आरोग्य खात्याच्या अंगवळणी पडलेली आहेत. गावातील पुरुषांना समोर बसवून त्यांच्या वीर्याविषयी बोलणे हे काम मात्र बेलसरला नवीन होते आणि ते करावे लागले. गरज पडली की बोलता येते, हे त्यातून दिसले. एड्सच्या साथीनेही हेच दाखविले होते. एचआयव्ही वीर्यावाटे पसरतो हे पाटीवर लिहावयास तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पण लिहिल्यावाचून भागले नाही. आज नियमित औषधे घेऊन रक्तातील विषाणू न सापडण्याइतका दबलेला असेल, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही, एवढी वैद्यकाची मजल गेली आहे.

जेथे माहिती पोहोचत नाही तेथे अफवा पोहोचते, आणि पुरुषत्वाविषयीची अफवा सर्वांत वेगाने धावते. कोविडच्या लसीने नपुंसकत्व येते, ही आवई जानेवारी २०२१ मध्ये इतकी पसरली, की देशाच्या औषध महानियंत्रकांना लसींना मंजुरी देतानाच तिचा जाहीर इन्कार करावा लागला. त्याच वर्षी अमेरिकेत मायामी येथे ४५ पुरुषांचे वीर्य लसीपूर्वी व लसीनंतर तपासले गेले. शुक्राणूंत घट आढळली नाही. घट आढळली ती कोविडचा आजार होऊन गेलेल्या काही पुरुषांत, आणि तीही बहुतेकांत कालांतराने भरून निघाली. म्हणजे भीती होती ती लसीची, आणि इजा होत होती ती रोगाने. पोलिओच्या डोसांविषयीही याच जातीची अफवा एके काळी उठली होती.

सांगावयाचे कोणाला?

ग्रामीण भागातील आरोग्यविषयक संवाद गेल्या काही दशकांत स्त्रियांनी उभा केला आहे. अंगणवाडी सेविका, परिचारिका, २००५ नंतर आलेल्या ‘आशा’, आणि जळकोटपासून जवळच असलेल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने तयार केलेल्या ‘भारतवैद्य’ स्त्रिया यांचे काम मोठेच आहे. परंतु ही सारी यंत्रणा माता आणि बालक यांच्याभोवती रचलेली आहे. सतरा वर्षांच्या मुलाला जांघेत कळा येऊ लागल्या, तर त्याने आशाताईंकडे जावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. आईला तो सांगत नाही, वडिलांना सांगण्याची पद्धत नाही. मित्राला सांगितले तर चेष्टा होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मुलगेही अभिप्रेत आहेत. पण आपल्यासाठी असे काही आहे, हे किती मुलग्यांना ठाऊक असते? उपकेंद्रातील पुरुष आरोग्यसेवक आणि शाळेतील शिक्षक हे दोघेच येथे उपयोगी पडण्यासारखे आहेत. त्यांनी सांगावयाचे तरी फार थोडे आहे.

ज्याचा गाल सुजला आहे त्याने सूज आल्यापासून पाच दिवस शाळेत, वर्गात किंवा वसतिगृहाच्या भोजनगृहात जाऊ नये. परीक्षा असली तरी जाऊ नये. वयात आलेल्या मुलाने गालगुंडात अंथरुणावर पडून राहावे, आणि वृषण दुखू लागल्यास लाज न बाळगता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. या सुजेवर विषाणू मारणारे औषध नाही. विश्रांती, आधार, थंड शेक आणि वेदनाशामक एवढेच उपचार आहेत. मग डॉक्टरकडे धावावे कशासाठी, असे कोणी विचारील. ते अशासाठी, की प्रत्येक सूज गालगुंडाची नसते. वृषणाला पीळ पडूनही अशाच वेदना होतात. त्यात रक्तपुरवठा तुटतो, आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो अवयव हातचा जातो. गाल सुजलेला नसताना एकाएकी दुखू लागले तर तासही दवडू नये. रात्रीची वेळ असली तरी जळकोटच्या मुलाने सोलापूरची वाट धरावी आणि सकाळची एसटी पाहत बसू नये.